आयाळवाली अक्षरं

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांकडे मोबाईल होते. कुठून आले ते विचारू नका. सिंहाच्या डोक्यावर मुकुट असतो असं मी सांगितलं, तेव्हा तो कुठल्या सोनाराने घडवला हे तुम्ही विचारलं नव्हतं. मग आताही गप्प बसा आणि ऐका.

तर सगळ्यांकडे मोबाईल होते आणि मोबाईलमध्ये एक ॲप होतं. त्याचं नाव 'पाणवठा'. त्या जंगलात तळी बरीच होती, पण मगर एकच. ती एका तळ्यात स्वस्थ बसेल तर शपथ. आज या तळ्यात, उद्या त्या तळ्यात. मधल्या ओढ्यातून ती कधी सरकते ते कुणाला कळायचं नाही. बगळे मात्र वरून बघायचे आणि ॲपला कळवायचे. मग ज्या तळ्यात मगर असेल त्या तळ्याच्या नावाखाली एक पाटी उमटायची, 'मगर इथे आहे'. ॲप बनवणारे तिला लेबल म्हणतात. आपण पाटीच म्हणू.

ही पाटी सगळ्यांच्याच कामाची होती, पण भिवराला तिच्यावाचून चालण्यासारखं नव्हतं. भिवरा ही एक सांबरीण. मागच्या उन्हाळ्यात हे ॲप नव्हतं, तेव्हा तिचं पाडस मगरीने नेलं होतं. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. या उन्हाळ्यात तिला दुसरं पाडस झालं. ते भारी धिटुकलं होतं, पाणी दिसलं की आईच्या पुढे पळायचं. भिवरा रोज सकाळी आधी मोबाईल बघायची आणि मगच त्याला पाण्यावर न्यायची. ॲपशी तिचं देणंघेणं एवढंच होतं.

ॲप दिसायला मात्र एक ध्यान होतं, ते कबूल केलं पाहिजे. ज्याने जी पाटी लावली, त्याने ती आपल्या आवडीच्या अक्षरात लावली. तळ्यांची नावं अस्वलाने दिली होती, ती ठसठशीत जाड. 'पाणी गढूळ आहे' हे हरणांचं, ते बारीक आणि नाजूक. माकडांनी लावलेली प्रत्येक पाटी तिरकी. बगळ्यांची 'मगर इथे आहे' तेवढी सरळ, साधी आणि लांबूनही दिसणारी. एकूण प्रकार जत्रेसारखा होता. पण सगळं वाचता यायचं, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

अशात एकदा सिंहमहाराज शेजारच्या जंगलात गेले. तिथल्या वाघाकडे बारसं होतं. जेवणं झाल्यावर वाघाने सहज आपला मोबाईल दाखवला. त्यांच्या ॲपमध्ये सगळ्या पाट्या एकाच वळणाच्या होत्या. वरचं नाव, खालची सूचना, बाजूचं बटण, सगळीकडे तेच अक्षर.

"आमचा स्वतःचा फॉन्ट आहे," वाघ मिशीवर पंजा फिरवत म्हणाला. "तुमचा नाही का?"

महाराजांना बारशाचे पेढे गोड लागले नाहीत. ते तसेच घरी आले आणि त्यांनी प्रधानजींना बोलावलं.

प्रधानजी म्हणजे तरस. त्याच्या अंगावरचा एक पट्टा दुसऱ्यासारखा नव्हता. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, त्यामुळे पाठही उताराची. पण टापटिपीची त्याला फार आवड.

"प्रधानजी, आपल्या ॲपची अक्षरं पाहिलीत?" महाराज गरजले.

"पाहिली, महाराज. जरा निरनिराळी आहेत खरी. पण वाचता येतात."

"वाचता येतात! आपण राज्य चालवतो आहोत की वाचनालय?"

प्रधानजींना मुद्दा पटला. त्यांना महाराजांचे मुद्दे लवकर पटत असत.

दुसऱ्याच दिवशी 'एकसारखेपणा समिती' नेमली गेली. समितीचे अध्यक्ष प्रधानजी. सभासद कोण, ते सांगत नाही, कारण त्यांनी माना डोलावण्यापलीकडे काही केलं नाही. अक्षरं काढायचं काम साळिंदराला मिळालं. त्याच्याकडे लेखण्या घरच्याच होत्या. पाठीवरची एक उपटायची, की झालं काम सुरू.

नमुना म्हणून स्वतः महाराज बसले. साळिंदराने त्यांच्याकडे बघून बघून अक्षरं काढली. वरच्या रेघेला त्याने आयाळ काढली, चांगली दाट आणि पिंजारलेली. प्रत्येक काना खाली वळवून त्याची शेपटी केली आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. अनुस्वाराच्या जागी महाराजांचा डोळा, तोही रागावलेला.

"'म' जरा आणखी रुबाबदार करा," महाराज म्हणाले. "'म' आमचा आहे."

साळिंदराने 'म'ला दुप्पट आयाळ काढली. मगरीच्या नावातही पहिला 'म'च येतो, हे तिथे कुणी बोललं नाही. बोलायची ती जागाही नव्हती.

फॉन्टचं नाव ठेवलं 'राजआयाळ'. आता तो ॲपमधल्या सगळ्या पाट्यांना लावायचा राहिला. ते काम आलं बयाजीकडे.

बयाजी हा सुगरण पक्षी. ॲप त्यानेच विणलं होतं. तुम्हाला वाटत असेल की सुगरण म्हणजे बाई. तसं नाही. नाव बाईचं आणि घरटं विणतो बुवा, अशी त्यांच्यातली तऱ्हा आहे. आणखीही एक तऱ्हा आहे, ती नीट ऐका. सुगरणीचा नर घरटं पुरतं विणत नाही. अर्धं विणतो आणि थांबतो. मग त्याला लटकून पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, आत डोकावते, काड्या ओढून बघते. तिला पसंत पडलं तर उरलेलं अर्धं विणायचं. नाही पडलं तर ते तसंच सोडून द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलेलं. अर्धं काम आणि मग मंजुरी, हे बयाजीच्या रक्तात होतं.

खरं म्हणजे एका जागी एकदाच सांगून साऱ्या पाट्यांचं अक्षर बदलता आलं असतं. ॲपमध्ये तशी सोय असते. प्रधानजींनी तसं सुचवूनही पाहिलं.

"बयाजी, एका झटक्यात होणार नाही का हे?"

बयाजीने कपाळाला पंख लावला. "होईल, प्रधानजी. पण एका झटक्यात झालेल्या घरट्यात तुम्ही अंडी घालाल का?"

प्रधानजींनी आजवर कुठेच अंडी घातली नव्हती, त्यामुळे त्यांनी विषय सोडून दिला.

बयाजी एकेक पाटी घेऊन बसला. सुरुवात वरून केली. आधी 'सुस्वागतम्', मग महाराजांचा संदेश, मग महाराजांच्या संदेशाखालची महाराजांची सही, मग तळ्यांची नावं. तेवढ्यात अर्ध्या पाट्या झाल्या. बयाजी थांबला. ॲपच्या एका टोकाला लटकून त्याने पंख फडफडवले आणि समितीला कळवलं, "अर्धं झालंय. बघून घ्या."

समितीने विषय पुढच्या बैठकीत ठेवला. पुढच्या बैठकीत तो त्याच्या पुढच्या बैठकीत ठेवला.

आता गंमत बघा. ॲपमधल्या अर्ध्या पाट्यांना आयाळ आली होती आणि अर्ध्या होत्या तशाच राहिल्या होत्या. आयाळवाल्या पाट्या कुणाला म्हणजे कुणालाही वाचता येत नव्हत्या. 'सुस्वागतम्' उघडलं की भांडणात झिंज्या उपटलेल्या दिसत. पण त्याने कुणाचं काही अडलं नाही. ॲपमधला तळ्यांचा क्रम सगळ्यांना पाठ होता, त्यांची नावं वाचायची गरजच नव्हती. संदेश तर पूर्वीही कुणी वाचत नसे. कामाच्या साऱ्या सूचना नावांखाली, उरलेल्या अर्ध्यात होत्या आणि त्या साध्या अक्षरात होत्या. उलट आता त्या चटकन सापडायला लागल्या.

"केस दिसले की पुढे सरकायचं," भिवरा आपल्या पाडसाला शिकवायची. "ते महाराजांचं. जिथे केस नाहीत, ते आपलं."

इतकं सोयीचं ॲप जंगलाला पूर्वी कधी मिळालं नव्हतं. ते तसंच राहतं तर आपली गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही झोपायला गेला असता.

पण शेवटी समितीची बैठक भरली. प्रधानजींनी मोबाईल हातात धरला, वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला. वर आयाळ, खाली टक्कल. त्यांना ते बघवेना.

"काम पसंत आहे," ते म्हणाले. "उरलेलं पूर्ण करा. एकही पाटी सुटता कामा नये."

ही बातमी भिवराच्या कानावर गेली. ती तडक दरबारात गेली. पाडसाला घेऊनच गेली, कारण त्याला एकटं सोडायची सोय नव्हती.

"महाराज, एक मागणं आहे," ती म्हणाली. "साऱ्या ॲपला आयाळ लावा. आम्हाला आनंदच आहे. फक्त 'मगर इथे आहे' एवढी एक पाटी जुन्या अक्षरात राहू द्या."

"का बरं?" महाराजांनी विचारलं.

आता आली का पंचाईत! नवीन अक्षर वाचता येत नाही असं म्हटलं तर तो महाराजांच्या आयाळीचा अपमान. भिवराने दुसरं कारण पुढे केलं.

"माझी नजर कमी झाली आहे, महाराज."

"नजर कमी झाली असेल तर आणखी मोठी आयाळ लावू," महाराज उदारपणे म्हणाले.

"भिवराताई, तुम्ही जरा राज्याच्या दृष्टीने विचार करा," प्रधानजींनी समजूत घातली. "आज मगरीची पाटी सोडली तर उद्या दलदलीवाले येतील. परवा विषारी फळांवाले येतील. एकेक करून सगळ्या महत्त्वाच्या पाट्या साध्या अक्षरात राहतील आणि आयाळ फक्त बिनमहत्त्वाच्या पाट्यांना उरेल. हे शोभेल का?"

"पण प्रधानजी, माझं पहिलं पाडस..." भिवरा म्हणाली आणि तिने पाडसाला जवळ ओढलं.

महाराज तसे वाईट नव्हते. त्यांनाही वाईट वाटलं. त्यांनी खाली वाकून पाडसाच्या डोक्यावर पंजा ठेवला, नखं आत घेऊन. पण वाघाचा मोबाईल त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"नियम म्हणजे नियम, भिवरा," ते हळूच म्हणाले.

भिवरा परत फिरली. वाटेत बाभळीवर बयाजी भेटला. ती त्याच्यावरच उखडली.

"बयाजी, तू तरी थांब रे! तुला काय घाई आहे?"

"वहिनी, पसंती यायच्या आधी मी वर्षभर थांबेन," बयाजी मान खाली घालून म्हणाला. "पण पसंती आल्यावर थांबलो तर आमच्यात बायको घर सोडून जाते. तेवढं मला जमायचं नाही."

आणि खरोखरच त्याने उरलेल्या साऱ्या पाट्यांना आयाळ लावून टाकली. मोठ्या अक्षरांमुळे काही पाट्यांवर मजकूर मावेना. मग ॲपने आपल्या बुद्धीने तो मध्येच तोडला आणि पुढे तीन टिंबं दिली. आता कोणत्याही तळ्याखाली पाहिलं की पिंजारलेले केस, दोन-तीन गोंडे आणि तीन टिंबं. 'पाणी गढूळ आहे' तसंच, 'मगर इथे आहे' तसंच आणि 'पोहायला मनाई' तसंच. एकसारखेपणा म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, मोठ्या तळ्यावर. सगळ्या प्राण्यांना बोलावणं होतं आणि तसंही सगळ्यांना तहान लागलेली होती. पण तळ्याजवळ आल्यावर पाण्यात कुणी उतरेना. जो तो मोबाईल बघायचा, केस बघायचा आणि शेजाऱ्याला म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे." शेजारी म्हणायचा, "छे छे, आधी तुम्ही." इतकी सभ्यता त्या जंगलात पूर्वी कधी पाहिली नव्हती.

भिवरा पाडसाला पोटाशी घेऊन उभी होती. पाडसाची जीभ कोरडी पडली होती. ते सारखं तिच्या पायांतून पुढे घुसत होतं.

"आई, पाणी समोर तर आहे."

"थांब, बाळा."

"पाटीवर काय लिहिलंय?"

भिवराने पुन्हा मोबाईल पाहिला. डोळे बारीक करून पाहिला, लांब धरून पाहिला. तिला रडू आलं.

"मला नाही वाचता येत रे," ती म्हणाली.

तेवढ्यात महाराजांची स्वारी आली. सारं जंगल तहान मारून आपल्यासाठी ताटकळत उभं आहे हे पाहून महाराजांना भरून आलं. प्रधानजींनी त्यांच्यासमोर ॲप उघडून धरलं.

"महाराज, या तळ्याची पाटी वाचून उद्घाटन करावं."

महाराजांनी पाटी पाहिली. बराच वेळ पाहिली. आपलीच आयाळ, आपलाच गोंडा, पण म्हणणं काय आहे त्याचा पत्ता लागेना. आता राजाने आपलाच फॉन्ट वाचता येत नाही असं कसं म्हणावं?

"सुंदर!" महाराज म्हणाले. "अगदी समर्पक शब्द आहेत."

टाळ्या झाल्या. मग फोटो काढायचं ठरलं. मागे तळं आलं पाहिजे म्हणून महाराज पाण्याकडे पाठ करून काठावर बसले. शेपटीचा गोंडा पाण्यात तरंगू लागला. प्रधानजी मोबाईल डोळ्याला लावून म्हणाले, "महाराज, थोडं मागे."

सगळ्यांचं लक्ष फोटोकडे होतं. ती संधी साधून पाडस आईच्या पोटाखालून सटकलं आणि थेट पाण्याशी जाऊन मान खाली घालू लागलं. भिवराने ते पाहिलं. त्याच्या पुढ्यात पाण्यावर दोन उंचवटे वर आलेलेही तिने पाहिले. मागच्या उन्हाळ्यातही तिने ते पाहिले होते, पण तेव्हा ते दगड वाटले होते.

भिवराने मान वर केली आणि सगळ्या ताकदीने आवाज दिला. "पोंक!"

सांबराचा हा आवाज जंगलात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सारे एका उडीत मागे झाले. पाडस असं उलटं फिरलं की येऊन आईच्या छातीवरच आदळलं. प्रधानजी मोबाईलसकट झुडपात गेले. महाराज तेवढे जागेवर बसून राहिले. त्यांना वाटलं, जयजयकार चालला आहे.

मगरीला पाडस मिळालं नाही. समोर गोंडा तरंगत होता, तिने तो घेतला.

महाराज त्या दिवशी किती उंच उडाले याबद्दल जंगलात मतभेद आहेत. जीव वाचला, शेपटीही बरीचशी वाचली. गोंडा मात्र गेला तो गेलाच.

आता तरी ही अक्षरं जातील, असं भिवराला वाटलं. तुम्हालाही वाटलं ना? तुम्ही अजून लहान आहात.

समिती तातडीने बसली. आयाळवाल्या पाटीत काही दोष सापडला नाही. पाटी वेळेवर लागली होती, योग्य तळ्याखाली होती आणि नियमाप्रमाणे होती. दुसरीच एक भयंकर गोष्ट मात्र समितीच्या लक्षात आली. महाराजांच्या शेपटीला गोंडा नाही आणि अक्षरांच्या शेपट्यांना आहे. म्हणजे राज्यातला प्रत्येक काना राजापेक्षा वरचढ!

"हा राजद्रोह आहे," प्रधानजी अंगावरची काटेरी डहाळी काढत म्हणाले. "बयाजी, ही गोंड्याची अक्षरं सगळीकडून काढा आणि बिनगोंड्याची लावा. एकही पाटी सुटता कामा नये."

बयाजी कामाला निघाला. वाटेत भिवरा उभीच होती. पण या वेळी ती उखडली नाही.

"बयाजीभाऊ, मला एक सांग. मागच्या वेळी तू अर्धं काम कसं मोजलंस?"

"पाट्या मोजून, वहिनी. निम्म्या पाट्या झाल्या की अर्धं काम."

"आणि या वेळी?"

"या वेळीही तसंच. का?"

"नाही म्हटलं, या वेळी काम दोन प्रकारचं आहे," भिवरा पाडसाचा कान चाटत म्हणाली. "आधी जुनं उसवायचं आणि मग नवीन विणायचं. मग सगळ्याच पाट्यांचं उसवून झालं, की अर्धं काम झालं म्हणायचं ना?"

बयाजी फांदीवर उलटा लटकून विचार करू लागला. सुगरणीच्या नराला उलटं लटकल्यावर जरा बरं सुचतं.

"घराण्याच्या रीतीत बसतं हे," तो हळूहळू म्हणाला. "चांगलंच बसतं की, वहिनी!"

त्याने एकेक पाटी घेतली आणि तिची आयाळ उसवून टाकली. फॉन्टच काढून टाकला, की मोबाईलचं स्वतःचं साधं अक्षर आपोआप येतं. वरची नावं, महाराजांचा संदेश, माकडांच्या तिरक्या पाट्या, हरणांच्या नाजूक पाट्या, मगरीची पाटी, सगळं एका साध्या, सरळ, ठसठशीत अक्षरात आलं. एवढा एकसारखेपणा त्या ॲपमध्ये कधीच नव्हता.

मग बयाजी थांबला. लटकून पंख फडफडवले आणि समितीला कळवलं, "अर्धं झालंय. बघून घ्या."

समितीने विषय पुढच्या बैठकीत ठेवला. त्यातच राजवैद्यांनी कळवलं की गोंडा कदाचित पुन्हा फुटेल, कदाचित नाही. मग तर निर्णय घेणंच अशक्य झालं. गोंडा फुटला तर अक्षरं पुन्हा बदलावी लागतील, तेव्हा शेपटीचं नक्की काय ते कळेपर्यंत थांबावं असं ठरलं. महाराज रोज सकाळी मागे वळून बघतात. समिती रोज संध्याकाळी त्यांना विचारते. बयाजी मंजुरीची वाट बघत लटकलेला आहे आणि त्याची काही तक्रार नाही.

मध्ये शेजारचा वाघ येऊन गेला. त्याने ॲप पाहिलं आणि तो चाट पडला.

"वा! काय स्वच्छ अक्षर आहे," तो म्हणाला. "कोणता फॉन्ट हा?"

"अजून काम चालू आहे," महाराज शेपटी पाठीमागे लपवत म्हणाले.

आणि भिवराचं पाडस आता बरंच मोठं झालं आहे. हल्ली ते आईच्या आधी मोबाईल उघडतं, तळ्याखालची पाटी मोठ्याने वाचतं आणि म्हणतं, "आई, आज इथे नको." मग दोघं दुसऱ्या तळ्यावर जाऊन पोटभर पाणी पितात. मागच्या उन्हाळ्यातल्या पाडसाची आठवण भिवराला येते, ती येणारच. पण आता पाणी पिताना ती डोळे मिटते.

तात्पर्य : हाती घेतलेलं काम अर्धवट सोडू नये, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. ते चांगल्या कामांपुरतं खरं आहे. वरून एखादं मूर्खपणाचं काम आलं, तर ते आनंदाने हाती घ्यावं, त्याचं योग्य ते अर्धं मन लावून करावं आणि उरलेलं मंजुरीसाठी पाठवून द्यावं.